सैल हात

चाळीस वर्षं यांनी वाळू ठोकली.
उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडमध्ये,
पॅटर्नभोवती काळी वाळू, तिच्यावर धुम्मस,
एवढी घट्ट की बोट टेकवलं तर ठसा उठू नये.
मग त्या पोकळीत लोखंड लाल होऊन उतरायचं,
गार झालं की पंपाचं पोट व्हायचं
आणि कुठल्यातरी विहिरीवर जाऊन पाणी ओढायचं.

रिटायर झाले तेव्हा मालकानं घड्याळ दिलं.
यांनी मागून आणल्या
भंगारात निघालेल्या अकरा लाकडी पेट्या.
"ह्यात भाजी लावूया," म्हणाले,
"तिसऱ्या मजल्यावर, टाकीच्या शेजारी."
मी म्हटलं, लावा.
घरात बसून माझ्या भाकरीची गोलाई तपासण्यापेक्षा बरं.

पहिली मेथी उगवलीच नाही.
दुसरीही नाही.
खालची शमशाद कपडे वाळत घालायला आली,
पेटीत बोट खुपसलं, बोट आत जाईना.
"नेमूकाका, ही माती हाय का लादी?"

हे काही बोलले नाहीत.
रात्री जाग आली तर अंथरूण रिकामं.
वर जाऊन बघते, उकिडवे बसून पेटी मोकळी करतायत.
साचा फोडतात तसं नाही,
शीत मोडू न देता भात हलवावा, तसं.

मग जे दिसेल त्यात काही ना काही.
गुऱ्हाळावरून चिपाडाचा भुसा आणला, तळाला अंथरला.
शमशादच्या भाच्यानं तालमीतली जुनी माती दिली,
हळद, ताक, लिंबू मुरलेली,
तिची एकेक मूठ काकडीच्या मुळाशी.
"वेल आता शड्डू ठोकतोय बघा," भाचा म्हणाला.
सायकलची रिम टाकीला टांगली, तिच्यावर दोडका.
तळ गेलेल्या कुकरात पालक.
माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाची वात केली,
एक टोक बादलीत, एक मिरचीच्या मुळाशी;
चार दिवस सांगलीला जाऊन आलो
तरी मिरची तरतरीत, मीच कोमेजलेली.
आणि गेल्या साली सीपीआरमधून यांना घरी आणलं
तेव्हा पिशवीत औषधांखाली निघाल्या
सलाईनच्या तीन रिकाम्या बाटल्या,
नर्सला लाडीगोडी लावून मागितलेल्या.
आता टोमॅटोला सलाईन चालू असतं
आणि हे स्टुलावर बसून थेंब मोजतात.
स्वतःचे मोजले नव्हते. ते मी मोजले होते.

एका पेटीवरून मात्र आमचं वाजलं.
आमच्यात जमिनीखालचं चालत नाही,
कांदा नाही, बटाटा नाही.
शमशादला लसूण लावायचा होता,
तिच्या खिडकीत ऊन पोचत नाही.
मी म्हटलं, आपल्या गच्चीवर? बस्तीत लोक काय म्हणतील?
हे म्हणाले, "माती तालमीची, लसूण तिचा,
आपण नुसतं ऊन देतोय.
ते कुठं आपल्या नावावर हाय?"

परवा मेथी वर आली.
एका कोंबानं डोक्यावर उचललं होतं
अंगठ्याएवढं ढेकूळ.
मी म्हटलं, फोडा की, जड होतंय त्याला.
"असू दे," म्हणाले, "टाकंल तेच."

हात अजून सगळं विसरलेला नाही.
बी पेरून झालं की तळवा खाली येतो, दाबायला,
आणि मातीच्या बोटभर वर थांबतो.
थोडा वेळ तिथंच राहतो.

सकाळी चहाच्या आधी हे वर जाऊन येतात,
चपला काढता काढता
मी न विचारता सांगतात
लसणाची पात आज किती बोटं झाली.